क्लच प्लेट टिकेना, युरियाचा काटा हलेना: जुन्या ट्रकचं मॅपिंग बदललंय का, ते कसं ओळखायचं

आधी लक्षणं सांगतो, जुळतायत का बघा. टिपर किंवा ट्रक जुना घेतलाय. घेताना गाडी ओढायला जबरदस्त वाटली. दोन-तीन महिन्यांत क्लच प्लेट जळाली. नवी टाकली, तीही गेली. मधेच कधीतरी चढाला इंटरकूलरचा होज फाटला किंवा निसटला. भरलेल्या गाडीत गिअर बदलून पाय दिला की काळा भपका येतो. डॅशबोर्डवर मात्र एकही दिवा नाही, आणि स्कॅनर लावला तर एकही फॉल्ट निघत नाही. फिटर म्हणतो, ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून चालवतो. ड्रायव्हर बदलला तरी तेच.

यातलं निम्मं जुळत असेल तर तिसरी प्लेट आणायच्या आधी इंजिनाच्या सॉफ्टवेअरला कुणी हात लावलाय का, म्हणजे डिझेल किती आणि कधी सोडायचं हे ठरवणारा मॅप बदललाय का, ते बघा.

माझा टिपर दहा टायरी, 2018 चा, बीएस-4 (धुराच्या सरकारी नियमांचा टप्पा). दलालामार्फत घेतला. रिकाम्या गाडीची ट्रायल घ्यायची नसते एवढी अक्कल होती, म्हणून खडी भरूनच शिरवळकडून खंबाटकी चढवला. आमच्याकडे त्याच मॉडेलची दुसरी गाडी आहे. ती जो चढ तिसऱ्यात रडतखडत चढते, तो ह्या पठ्ठ्याने चौथ्यात चढला. मी खूश. दलाल म्हणाला, "बघा मालक, इंजिनाला कुणी हात लावलेला नाही." आता आठवलं की हसू येतं, कारण त्या चढावरच गाडीने सगळं सांगून टाकलं होतं. सारखंच इंजिन, सारखाच गिअरबॉक्स, सारखीच खडी, तरी एक गाडी अख्खा एक गिअर वर चढत असेल तर "ही चांगली का" यापेक्षा "हिच्यात जास्तीचं काय आहे" हे विचारायला हवं होतं.

सात महिन्यांत दोन प्लेटा गेल्या. पहिल्या प्लेटला मी ड्रायव्हरला नको ते बोललो आणि तो सोडून गेला. नवा पोरगा आला, माण तालुक्यातला. महिनाभराने सहज म्हणाला, "शेठ, ही गाडी युरिया पीतच नाही का?" युरिया म्हणजे धुरातला नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला सायलेन्सरमध्ये फवारतात ते युरियाचं पाणी, त्याची टाकी वेगळी असते. काटा पाऊण टाकीवर. मी घेतली तेव्हाही पाऊण टाकीवरच होता. टाकीचं टोपण नुसतं टेकवलेलं होतं. काढलं तर तोंडाशी कुंभारणीने मातीचं घर बांधलेलं आणि खाली टाकी ठणठणीत कोरडी. जो काटा पाऊण दाखवत होता त्याला टाकीशी देणंघेणंच नव्हतं. एक छोटा डबा वायरिंगमध्ये जोडलेला, तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला सारखं सांगत होता की टाकी भरलेली आहे, पंप चालू आहे, सेन्सर ठीक आहेत.

हा डबा म्हणजे इम्युलेटर. तो एकटा असेल तर क्लचला काही होत नाही. पण युरिया बंद करून देणारा माणूस त्याच बैठकीत "पॉवर पण वाढवून देऊ का" म्हणून विचारतोच, आणि "स्पीड लॉक पण काढतो" म्हणतो. म्हणून एक सापडलं की बाकीची दोन शोधायचीच.

प्लेट का जळते हे समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. कंपनी क्लच निवडते तो इंजिनाच्या ठरलेल्या टॉर्कला (ओढायच्या ताकदीला) पुरून थोडा शिल्लक राहील असा. मॅप मारणारा डिझेल वाढवतो, टर्बोचं प्रेशर वाढवतो आणि टॉर्क मुख्यतः मधल्या आरपीएमवर चढतो, म्हणजे भरलेली गाडी जिथे सगळ्यात जास्त राबते तिथेच. क्लचची शिल्लक संपते आणि प्लेट घसरायला लागते. ड्रायव्हरला कळत नाही, कारण घसरणं सेकंदा-दोन सेकंदांचं असतं. आरपीएमचा काटा उडी मारतो, गाडीचा वेग तसाच, आणि केबिनमध्ये जळका वास. डिझेल जास्त म्हणजे एक्झॉस्टची उष्णता जास्त, त्यामुळे क्लचमागोमाग टर्बो, मॅनिफोल्ड आणि हेड गॅस्केटचा नंबर लागतो.

आता तपासणी. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष बघा, कारण काय शोधायचं ते त्यावर ठरतं. बीएस-4 देशभर 1 एप्रिल 2017 पासून, बीएस-6 1 एप्रिल 2020 पासून. बीएस-4 च्या आधीच्या साध्या पंपाच्या गाड्यांत सॉफ्टवेअर वगैरे काही नाही. तिथे पंपावरचं तार आणि शिशाचं सील तुटलंय का आणि फुल लोडच्या स्क्रूवर पान्याचे ताजे ओरखडे आहेत का, एवढं बघितलं की झालं. बीएस-4 मध्ये कंपन्यांनी दोन वाटा धरल्या. अशोक लेलँडने ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवायचा) घेतलं, भारतबेंझने युरियावालं एससीआर (युरिया फवारून धूर साफ करायचा). म्हणून गाडीला युरियाची टाकी नाही म्हणजे ती कुणी काढली असं लगेच समजू नका, ती मुळातच नसेल. बीएस-6 च्या मोठ्या गाडीत मात्र एससीआर आणि डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) दोन्ही येतात. कारण आकड्यांत आहे: बीएस-4 ला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोवॅट-तासाला 3.5 ग्रॅम होती, बीएस-6 च्या स्थिर चाचणीत ती 0.4 वर आली.

गाडी थंड असताना जा. मालकाला आधीच सांगा की इंजिन चालू करून ठेवू नका. किल्ली ऑन करा, स्टार्टर मारू नका. इंजिनचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि स्टार्ट झाल्यावर विझला पाहिजे. किल्ली ऑन केल्यावर तो लागलाच नाही तर बल्ब काढलाय, काळी टेप मारलीय किंवा सॉफ्टवेअरमधून बंद केलाय. सेकंदाचं काम आहे, पण घाईत असलेला माणूस तेवढंही बघत नाही. मी बघितलं नव्हतं.

युरियाची टाकी उघडा. चालू सिस्टीमची टाकी अगदी स्वच्छ कधीच नसते. तोंडाशी, पाइपच्या जोडावर, डोझिंग नोझलपाशी पांढरे खडे साठलेले असतात, मिठासारखे. युरियाच्या पाण्यात 32.5 टक्के युरिया असतो, पाणी उडून गेलं की तो मागे राहतो. खडे मऊ आणि ताजे असतील तर सिस्टीम वापरात आहे. सगळीकडे नुसती धूळ असेल तर संशय घ्या. टाकीत पाणी भरून ठेवणारेही आहेत. हातात मावेल असा रिफ्रॅक्टोमीटर मिळतो, काचेवर दोन थेंब टाकले की युरिया किती टक्के ते दिसतं. नसेल तर सोपी युक्ती: काटा कुठे आहे त्याचा फोटो काढा, दहा लिटर युरिया स्वतःच्या पैशाने टाका, किल्ली ऑन ठेवून पाच-दहा मिनिटं थांबा. काटा हलला पाहिजे. आमचा नव्या पोराने डबाभर ओतल्यावरसुद्धा पाऊणवरच राहिला.

मालकाकडे युरियाची बिलं मागा. शंभर लिटर डिझेलला साधारण तीन ते सहा लिटर युरिया लागतो. जो माणूस डिझेलची पावती न् पावती ठेवतो त्याच्याकडे युरियाचं एकही बिल नसेल तर उत्तर मिळालंच.

बीएस-6 गाडीत सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे पांढरा रुमाल. गार सायलेन्सरच्या नळीत बोट घालून आतून पुसा. डीपीएफ शाबूत असेल तर रुमालावर राखाडी डागापलीकडे फार काही येत नाही. हाताला काजळी लागत असेल तर डीपीएफ तडकलाय किंवा आतून पोकळ केलाय. मग गाडीखाली वाका आणि डीपीएफच्या डब्याची शिवण बघा. कंपनीची वेल्डिंग एकसारखी, बारीक. हाताने कापून पुन्हा जोडलेला डबा लगेच कळतो, वेल्डिंगचे गोळे दिसतात आणि आजूबाजूचा पत्रा निळसर झालेला असतो.

ईजीआरच्या गाडीत वाल्व आणि पाइपच्या मधल्या गॅस्केटकडे टॉर्च मारा. जोडातून पातळ पत्र्याची कड बाहेर आली असेल तर मधे प्लेट घालून रस्ता बंद केलाय. पत्रा नसेल तरी ईजीआर सॉफ्टवेअरमधून बंद केलेलं असू शकतं, म्हणून इथे "काही दिसलं नाही" याचा अर्थ "काही नाही" असा घेऊ नका.

आता डबे. डॅशबोर्डखाली ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावतात त्याच्या) मागे, फ्यूज बॉक्सपाशी आणि युरियाच्या युनिटजवळ हात घाला. इम्युलेटर बहुधा काडेपेटीएवढा किंवा थोडा मोठा, चार-पाच वायरी, वर काळी टेप. पण डबा दिसला की लगेच मालकाची गचांडी धरू नका! जीपीएसचा डबा असू शकतो, डिझेलचोरीचा सेन्सर असू शकतो, बॅटरी कटऑफ असू शकतो. वायरी कुठे जातात ते बघा. जीपीएसला प्लस, मायनस आणि फार तर इग्निशन लागतं. वायरी पिळलेल्या जोडीत म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या कॅन लाइनमध्ये घुसल्या असतील तर विचारायला जागा आहे.

दुसऱ्या जातीचा डबा इंजिनावरच बसतो आणि तो जास्त लबाड आहे. कॉमन रेलच्या, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या, टोकाला प्रेशर सेन्सर असतो. डबा सेन्सर आणि वायरिंगच्या मधे बसतो आणि कॉम्प्युटरला खरं प्रेशर कमी करून सांगतो. कॉम्प्युटरला वाटतं प्रेशर कमी पडतंय, म्हणून तो वाढवतो. गंमत अशी की स्कॅनरला दिसतो तो खोटाच आकडा, म्हणजे सगळं अगदी कंपनीप्रमाणे. इथे स्कॅनर हरतो, डोळे जिंकतात. तेलकट, धुळकट इंजिनावर एकच कनेक्टर चकचकीत असेल, त्याच्या पिनची लॉक मोडलेली असेल, वायरिंगला नव्या झिप टाय असतील, तर तिथे कुणीतरी काम केलंय. विकण्याआधी डबा काढून घेतात, पण कनेक्टरवरचे ओरखडे राहतात.

ईसीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या, डब्याकडेही बघा. त्याचं झाकण कंपनीत चिकटवलेलं असतं. कडेला पेचकसाने उचकटल्याच्या खुणा, वेगळ्या रंगाचं सिलिकॉन, झिजलेले स्क्रू दिसले तर ईसीएम टेबलावर उघडलाय. मात्र पुष्कळ मॅप सॉकेटमधूनच मारतात, तेव्हा बाहेर काहीच खूण राहत नाही.

मग स्कॅनर. आधी सावध करतो: कारसाठीचे स्वस्त ब्लूटूथ डोंगल 24 व्होल्टच्या ट्रकला लावू नका. 24 व्होल्टच्या सॉकेटमध्ये पिनांच्या दोन ओळींमधली खाच मधोमध तुटलेली असते, 12 व्होल्टच्यात ती सलग असते. 12 व्होल्टचं डोंगल जबरदस्तीने घुसवलं तर डोंगल तरी जळेल, नाही तर आणखी काही.

स्कॅनरवर फॉल्ट कोड नाहीत याला मी शून्य किंमत देतो. मॅप मारणारा पहिलं काम तेच करतो, युरियाचे आणि ईजीआरचे कोड नोंदणंच बंद करतो. बघायचं ते वेगळं आहे. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हा आकडा बघा. चालू धंद्यातल्या गाडीत तो 15 किलोमीटर निघाला तर तुम्ही येणार म्हणून सकाळीच कोड पुसलेत. बीएस-6 मध्ये मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या) "अपूर्ण" दाखवत असतील तरी तेच. इंजिनाचा संदर्भ टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये मिळत असेल तर तो कंपनीच्या माहितीपत्रकातल्या आकड्याशी ताडा. हा आकडा आळशी मॅपवाला वाढवूनच ठेवतो.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे कॅलिब्रेशन आयडी आणि त्याच्याबरोबरचा सीव्हीएन. आयडी हे सॉफ्टवेअरचं नाव, सीव्हीएन हा त्या सॉफ्टवेअरवरून मोजून काढलेला आकडा. नाव तेच ठेवून आतला मजकूर बदलला तर सीव्हीएन बदलतो. दोन्हींचा फोटो काढा, चेसिस नंबर घ्या आणि त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला ताडून द्यायला सांगा. काही ठिकाणी टाळाटाळ होईल. चिकटून बसा. तिथे गाडीला सॉफ्टवेअर शेवटचं कधी आणि कुणी टाकलं याची नोंदही निघू शकते. फक्त लक्षात ठेवा, कंपनी स्वतःही अपडेट देते. आयडी जुना नाही म्हणजे चोरीचं मॅप, असं नव्हे. कंपनीच्या यादीत तो आयडी आणि तो सीव्हीएन आहे का, एवढाच प्रश्न आहे.

रस्त्यावर दोन गोष्टी. पहिली, वेग. ऑक्टोबर 2015 पासूनच्या मालवाहू गाड्यांना वेगमर्यादा यंत्र आहे, साधारण 80 किलोमीटरचं. टिपर आणि टँकरला 60 चं. मोकळ्या हायवेला टिपर 60 च्या पुढे सहज पळत असेल तर लॉक काढलंय, आणि लॉक काढणाऱ्याने बाकी काय काय केलं ते शोधा. माझा 85 ला पळत होता. मी तेही कौतुकाने सांगत फिरलो.

दुसरी, भरलेल्या गाडीत चढावर वरच्या गिअरमध्ये आरपीएम खाली येऊ द्या आणि मग पूर्ण पाय द्या. काटा वेगाच्या पुढे पळाला तर क्लच घसरतोय. त्याच वेळी शेजारच्या माणसाला आरशातून सायलेन्सर बघायला सांगा. नुकता पाय दिल्यावरचा हलका धूर सोडून द्या. पाय दाबलेला असेपर्यंत काळा धूर चालूच राहिला तर डिझेल हवेपेक्षा जास्त आहे.

"पीयूसी आहे ना!" हे वाक्य हमखास ऐकायला मिळेल. डिझेलच्या पीयूसीत गाडी न्यूट्रलमध्ये रेस करून फक्त धुराचा दाटपणा मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. युरिया बंद असलेली गाडी पीयूसीत आरामात पास होते. माझी झाली होती.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला परवानगीशिवाय करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने बदललेल्या 182अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडी तुमच्या नावावर झाल्यावर पकडली तर "आधीच्याने केलं" हे सांगत तुम्हीच फिरणार. म्हणून फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करायच्या आधी साध्या करारात एक ओळ घाला: इंजिनाचं सॉफ्टवेअर, युरिया आणि सायलेन्सर सिस्टीम कंपनीप्रमाणे आहे, तसं न निघाल्यास मूळ स्थितीत आणण्याचा खर्च विकणाऱ्याचा. ही ओळ वाचून विकणाऱ्याचा चेहरा बघा. काही वेळा तेवढ्यानेच काम होतं.

गाडी आधीच घेऊन बसला असाल तर क्रम महत्त्वाचा आहे. डबा उपटून फेकू नका. डबा काढला की कॉम्प्युटरला खरी टाकी, खरा पंप, खरे सेन्सर दिसतात, आणि वर्षभर कोरड्या पडलेल्या सिस्टीमची दुरुस्ती झाली नसेल तर तो इंजिनाची ताकद कमी करतो. भरलेली गाडी घाटात अशी अडकली तर पंचाईत. आधी टाकी, पाइप, डोझिंग पंप आणि नोझल काढून कोमट पाण्याने धुऊन घ्या, युरियाचे खडे पाण्यात विरघळतात. पंप जाम असेल, नॉक्स (नायट्रोजन ऑक्साइड) सेन्सर मेला असेल तर त्याचा अंदाज काढा. मग अधिकृत ठिकाणी चेसिस नंबरवरून कंपनीचं सॉफ्टवेअर टाकून घ्या आणि त्याच दिवशी डबा काढा. "जुना मॅप माझ्याकडे आहे, मीच परत टाकतो" असं मॅपवाला म्हणेल. त्याच्याकडे तुमच्याच गाडीची फाइल आहे की शेजाऱ्याची, हे त्यालाही सांगता यायचं नाही. क्लच बदलायचा तो त्यानंतर, आणि प्लेटबरोबर फ्लायव्हीलही बघा. जळलेल्या प्लेटने त्यावर निळे डाग आणि बारीक तडे पडलेले असतात. तशा फ्लायव्हीलवर नवी प्लेट बसवली की तीही लवकर जाते. माझी दुसरी प्लेट निम्मी यामुळेच गेली असं फिटरने पुढे कबूल केलं.

आमचा पंप आणि एक नॉक्स सेन्सर गेला होता. बिल बघून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, तेवढ्यात आणखी चार प्लेटा आल्या असत्या. गाडी आता खंबाटकी तिसऱ्यातच चढते, दुसऱ्या गाडीच्या मागोमाग. पोरगा कुरकुरतो, "शेठ, हिचा दम गेला." पण युरियाचा काटा हलतो, आणि युरियाचा डबा संपत आला की पोरगा मला आदल्या दिवशी फोन करतो. सोडून गेलेल्या ड्रायव्हरलाही फोन केला होता. तो आता दुसऱ्याच्या गाडीवर आहे, परत यायला तयार नाही.